कॉलेजं फिरून विद्यार्थ्यांची अभ्यासमंडळं कशी उभी करावीत: नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी

तुमचं शिक्षण संपलंय किंवा संपत आलंय. कॉलेजात असताना चार-सहा जणांचा एक गट जमला होता. तिथे अभ्यासक्रमाबाहेरचं वाचलं, कडकडून वाद घातले, आणि वर्गात जे मिळालं नाही ते तिथे मिळालं. आता वाटतंय की असा गट प्रत्येक कॉलेजात असायला हवा, आणि त्यासाठी गावोगाव फिरायची तुमची तयारी आहे. कदाचित एखाद्या संस्थेने हे काम सोपवलं असेल, कदाचित तुम्ही आपणहून निघाला असाल. मी हे काम केलेलं आहे. पहिल्या फेरीला निघताना कुणीतरी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पहिल्या बैठकीला किती जण आले, यावरून मंडळ उभं राहिलं की नाही हे कळत नाही. तुम्ही त्या गावात नसताना, तुम्ही आठवण करून न देता जी बैठक झाली, ती मोजायची. खालची प्रत्येक पायरी त्या बैठकीकडे नेणारी आहे.

या कामाला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा काप्पा’ हे मंडळ काढलं. तीन वर्षांनी त्यांनी एलिशा पार्मेली नावाच्या सभासदाकडे नव्या शाखांच्या सनदा सोपवल्या. त्यातून १७८० मध्ये येलला आणि १७८१ मध्ये हार्वर्डला शाखा सुरू झाल्या. त्याच १७८१ साली अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध दाराशी आलं आणि मूळ कॉलेजातलं मंडळ बंद पडलं. नाव टिकलं ते दुसऱ्या गावात पोचलेल्या शाखांमुळे. एका माणसाचा प्रवास एवढा कामाला येऊ शकतो, पण पोचल्या जागी लोकांनी काम स्वतःचं मानलं तरच.

१. निघण्याआधी: मंडळ कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

“विचारांची देवाणघेवाण व्हावी”, “तरुणांमध्ये जागृती व्हावी” ही वाक्यं खोडून टाका. त्यांतून विद्यार्थ्याला गुरुवारी संध्याकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. “दर पंधरा दिवसांनी आठ-दहा जण बसतात, एक छोटा लेख वाचतात आणि त्यातल्या एका प्रश्नावर दीड तास बोलतात” हे वाक्य चालेल. ऐकणाऱ्याला खोली, वेळ, माणसं डोळ्यांसमोर दिसली पाहिजेत.

याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारा आणि त्याचं खरं उत्तर द्या. तुमच्या फिरण्यामागे एखादी संस्था, पक्ष, विचारधारा किंवा देणगीदार आहे का? असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. कॉलेजात बाहेरून येणाऱ्या माणसाबद्दल संशय असतोच आणि तो रास्त असतो. नंतर तिसऱ्याकडून कळलं, तर मंडळातली सगळ्यात विचारी मुलं आधी निघून जातात.

२. कॉलेजं थोडी घ्या, आणि परत जाता येईल अशी घ्या

नवा माणूस नकाशा उघडतो आणि लांबलचक यादी करतो. त्यापेक्षा एकाच रस्त्यावरची तीन किंवा चार कॉलेजं घ्या. प्रत्येक ठिकाणी महिना-दीड महिन्यात दुसऱ्यांदा आणि सत्र संपण्याआधी तिसऱ्यांदा जाता आलं पाहिजे. तिसऱ्या खेपेचं जमणार नसेल, तर ते कॉलेज या वर्षी सोडा.

रॉबर्ट वाइल्डर याचं उदाहरण सांगते. हा १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा. १८८६-८७ मध्ये तो आणि जॉन फोरमन यांनी अमेरिका आणि कॅनडातली कॉलेजं पालथी घातली. हेतू धर्मप्रसारक तयार करण्याचा होता, अभ्यासमंडळांचा नव्हता, पण फिरस्तीचा धडा तोच आहे. त्या वर्षी प्रतिसाद प्रचंड मिळाला. पुढच्या वर्षी मात्र फिरणारं कुणी नव्हतं. जागोजागचे गट विस्कळीत व्हायला लागले, काही ठिकाणी उत्साह मावळला. म्हणून १८८८ मध्ये चळवळीची रीतसर बांधणी झाली आणि कॉलेजं फिरणारा कार्यवाह नेमला गेला. पहिल्या भेटीत पेटलेला उत्साह दुसऱ्या भेटीपर्यंत आपोआप टिकत नाही.

तारखा ठरवताना कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक समोर ठेवा. प्रवेशाची धावपळ ओसरल्यावरचे तीन-चार आठवडे सगळ्यात चांगले. अंतर्गत परीक्षा संपल्यानंतरचा आठवडाही बरा असतो. स्नेहसंमेलनाचे दिवस, विद्यार्थी निवडणुकांचे दिवस आणि सत्रपरीक्षेआधीचा महिना पूर्ण टाळा. निवडणुकीच्या काळात काढलेल्या मंडळावर कुठल्या ना कुठल्या उमेदवाराचा शिक्का बसतो आणि तो वर्षभर पुसत नाही.

३. आधी माणसं शोधा, खोली नंतर

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बैठकीच्या एक-दोन दिवस आधी पोचा. कुठल्या मुलांशी बोलायचं, हे ठरवणं म्हणजे निम्मं काम.

शिक्षकांना “तुमचा हुशार विद्यार्थी कोण?” असं विचारलं की पहिल्या क्रमांकाचं नाव येतं. तो मुलगा चांगला असेल, पण त्याच्याकडे वेळ नसतो. त्याऐवजी विचारा, “तास संपल्यावर प्रश्न घेऊन कोण थांबतं?” लगेच वेगळी नावं निघतात. भित्तिपत्रकात लिहिणारी मुलं बघा. वादविवाद स्पर्धेत बक्षीस न मिळालेले, पण समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून उत्तर देणारे शोधा. विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकीच्या विभागांत मुद्दाम जा. कलाशाखेत वाचणाऱ्यांना निदान एकमेकांचा पत्ता असतो, बाकीच्या शाखांत वाचणारी मुलं फार एकटी असतात आणि असा गट मिळाला की जिवापाड सांभाळतात.

ग्रंथपालांना नक्की भेटा. कोण काय वाचतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पण कुणी कोणती पुस्तकं नेली याची नोंद मागू नका, ती वाचणाऱ्याची खासगी बाब आहे. एक चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवा आणि म्हणा, “अवांतर वाचणारं कुणी आलं तर एवढी द्याल का?” बहुतेक ग्रंथपाल आनंदाने देतात.

तुम्हाला दोन माणसं हवीत, आणि ती वेगवेगळ्या वर्षांतली हवीत. ही अट सोडू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये आत्मविश्वास असतो, ओळखी असतात, म्हणून सगळी सूत्रं त्यांच्याकडे जातात. परीक्षा झाली की ती निघून जातात आणि नव्या वर्षी कॉलेजात मंडळाचं नावही कुणाला आठवत नाही. म्हणून एक जण वरच्या वर्गातला आणि एक जण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा. शक्य असेल तर दोघांत एक मुलगी आणि एक मुलगा. संपर्क फक्त मुलांकडे असला की मुलींपर्यंत निरोप पोचत नाही, आणि मग “मुली येतच नाहीत” असं म्हटलं जातं.

या दोघांना “आमचे प्रतिनिधी व्हा” असं म्हणू नका. “तुम्हाला कशावर बोलायचंय?” असं विचारा आणि गप्प बसा. जे उत्तर येईल त्यावरून पहिल्या बैठकीचा विषय ठरवा.

इथला सापळा म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचा उत्साही मुलगा. तो पहिल्याच दिवशी फलक लावतो, गट तयार करतो, स्वतःला अध्यक्ष म्हणवतो. त्याला नाराज करायचं कारण नाही, एखादं ठरावीक काम द्या. पण मंडळ त्याच्या हाती देण्याआधी दोन बैठकांत तो इतरांना बोलू देतो का, ते पाहा.

४. परवानगी आणि कागदपत्रं

तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी नाही. परवानगी न घेता आत बसलात, तर तुम्हाला फार तर बाहेर काढतील, पण चौकशी तिथल्या मुलांची होईल. म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी नीट करा. सोबत ठेवायच्या गोष्टी:

- प्राचार्यांच्या नावे एक पानी पत्र: तुम्ही कोण, काय करणार, किती वेळ, कुठल्या खोलीत, खर्च कोण करतं
- स्वतःचं ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत
- संस्थेतर्फे जात असाल तर संस्थेचं पत्र, त्यावर पडताळणीसाठी फोन नंबर
- आधी दुसऱ्या कॉलेजात काम केलं असेल तर तिथल्या शिक्षकांचं दोन ओळींचं पत्र (याचा उपयोग बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त होतो)
- पहिल्या बैठकीत वाचायच्या मजकुराची एक प्रत, कार्यालयाने मागितली तर द्यायला

पत्र एकाएकी प्राचार्यांपुढे नेऊ नका. आधी एखाद्या प्राध्यापकांना भेटा, ज्यांना ही कल्पना मनापासून पटते. विद्यार्थ्यांनी अर्ज करायचा, त्या प्राध्यापकांनी शिफारस करायची, तुमचं पत्र सोबत जोडायचं. अर्ज विद्यार्थ्यांचा असला की मंडळ पहिल्या दिवसापासून त्यांचं होतं. पत्रावर कार्यालयाचा आवक शिक्का घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

अठरा वर्षांखालील विद्यार्थी असतील तर जबाबदार शिक्षक हजर असल्याशिवाय बैठक घेऊ नका. मुलांची नावं आणि फोन नंबर त्यांनी स्वतः दिले तरच घ्या आणि ते तुमच्या संस्थेच्या प्रचारासाठी वापरू नका. फोटो काढण्याआधी विचारा. खरं तर पहिल्या बैठकीत फोटो काढूच नयेत असं माझं मत आहे. कॅमेरा निघाला की मुलं भाषण करायला लागतात.

परवानगी नाकारली गेली तर वाद घालू नका. “वर्गखोली मिळणार नाही, पण ग्रंथालयाच्या चर्चाकक्षात बसलात तर चालेल” असा मधला मार्ग पुष्कळदा निघतो. तोही नाही निघाला तर पुढच्या सत्रात परत विचारा.

५. उद्घाटन करू नका

याला वेगळा मथळा दिलाय कारण या एका गोष्टीने अनेक मंडळं जन्मतःच संपलेली पाहिली आहेत. कॉलेज आनंदाने सुचवतं: सभागृह घेऊ, प्रमुख पाहुणे बोलावू, दीपप्रज्वलन करू. दोनशे मुलं बसवली जातात, हारतुरे होतात, बातमी छापून येते. दुसऱ्या बैठकीला सहा जण येतात आणि त्या सहांना वाटतं की आपलं मंडळ पडलं. तीच सहा मुलं साध्या खोलीत पहिल्यांदा भेटली असती, तर त्यांना वाटलं असतं की सुरुवात छान झाली. नम्रपणे सांगा, “सर, वर्षभर चाललं की आपण वर्धापनदिन जोरात करू.”

६. पहिली बैठक

दीड तास पुरे. खुर्च्या गोलात लावा आणि फळ्याजवळची खुर्ची स्वतः घेऊ नका. आठ ते बारा जण ही चांगली संख्या. तीनच आले तर तिघांसोबत पूर्ण बैठक घ्या, “पुढच्या वेळी जास्त जण आणा” असं चुकूनही म्हणू नका. पन्नास आले तर वाचन एकत्र करा आणि चर्चेसाठी आठ-आठ जणांचे गट पाडा.

मजकूर पाच-सहा पानांचा घ्या आणि तिथेच वाचा, एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने. घरून वाचून यायला सांगितलं की निम्मे वाचून येत नाहीत, न वाचलेले गप्प बसतात, आणि चर्चा दोघांतच होते. मोठ्याने वाचल्याने सगळे एका पातळीवर येतात. मजकूर असा हवा की ज्यात लेखक काहीतरी ठामपणे म्हणतो आणि समंजस माणूस त्याच्याशी असहमत होऊ शकतो. सगळ्यांना मान्य असलेलं सुविचारांचं लेखन चर्चेला निरुपयोगी असतं.

भाषेचा निर्णय आधी करा. मजकूर इंग्रजी असला तरी चर्चा मुलांच्या भाषेत होऊ द्या. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य आणि विज्ञानविषयक सभा काढली, आणि लगोलग तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. इंग्रजी शिक्षणात तयार झालेल्या त्या तरुणांनाही कळलं होतं की ज्ञान पसरायचं तर लोकांच्या बोलीतच. आजही एखादा मुलगा तासभर गप्प असतो, आणि “तुमच्या भाषेत सांगा ना” म्हटलं की त्या दिवसाचा सगळ्यात चांगला मुद्दा तोच मांडतो.

वाचन झालं की दोन मिनिटं शांतपणे प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर लिहायचा. एवढ्या एका कृतीने लाजरी मुलं बोलती होतात, कारण बोलायची पाळी आली तेव्हा हातात काहीतरी असतं. सगळे प्रश्न वाचून घ्या, एक निवडा आणि त्याला धरून राहा.

आता तुमचं काम म्हणजे न बोलणं. जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी १९२२ मध्ये ग्योटिंगेनला सॉक्रेटिसच्या पद्धतीवर व्याख्यान दिलं. शिक्षकाने स्वतःचं मत आवरावं आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या विचारावर उभं करावं, हा त्याचा गाभा होता. पुढे या पद्धतीत एक शिस्त आली: चर्चा कुणाच्या तरी प्रत्यक्ष अनुभवापासून सुरू करायची. “न्याय म्हणजे काय?” असं हवेत विचारण्यापेक्षा “तुमच्यावर अन्याय झाला असं तुम्हाला कधी वाटलं?” असं विचारा, आणि त्या एका प्रसंगातून वर चढा. हे फार परिणामकारक आहे. मुलांना आठवणारा प्रसंग असला की पाठ केलेली वाक्यं आपोआप गळतात.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरेल. ती तोडू नका. मनात वीसपर्यंत मोजा, तोवर कुणीतरी बोलतंच. तुम्हाला वापरायला चार वाक्यं पुरतात: “म्हणजे नेमकं काय?”, “हे मजकुरात कुठे आहे?”, “याच्या उलट कुणाला वाटतं?”, “मघाशी तिने जे म्हटलं, त्याचं काय?”

नियम कमी ठेवा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात ‘जंटो’ नावाचं मंडळ काढलं. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक व्हायची. सभासदाने आळीपाळीने चर्चेला प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. चर्चेत अति ठामपणे बोलणं किंवा दुसऱ्याला थेट खोटं पाडणं याला त्यांनी छोटा दंड लावला होता. दंड सोडून द्या, पण वृत्ती घ्या. मी दोनच नियम सांगते: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मग खोडायचं, आणि इथे बोललेलं बाहेर कुणाच्या नावावर सांगायचं नाही.

एखादे प्राध्यापक येऊन बसले आणि बोलायला लागले, तर मुलं वही उघडून टिपणं काढायला लागतात. त्यांना बैठकीआधीच विनंती करा, “सर, शेवटची दहा मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवतो.” तोवर ते आनंदाने ऐकतात, आणि पुष्कळदा आपल्याच विद्यार्थ्यांचं बोलणं ऐकून चकित होतात.

ठरल्या वेळी थांबा, चर्चा रंगात आली असली तरी. अर्धवट राहिलेला वाद मुलं वसतिगृहात पुढे नेतात. वसतिगृहांच्या, विशेषतः मुलींच्या, परतायच्या वेळा पाळायच्या असतात. एकदा उशीर झाला आणि बोलणी बसली, की त्या मुली पुढच्या वेळी येऊ शकत नाहीत.

७. निघण्याआधी या चार गोष्टी ठरल्याच पाहिजेत

बैठक संपल्यावरची पंधरा मिनिटं तुमच्या संपूर्ण फेरीत सगळ्यात मोलाची आहेत. मुलं अजून खोलीत असतानाच ठरवा:

- दुसऱ्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा
- त्या बैठकीचा मजकूर, आणि त्याच्या प्रती कोण काढणार
- चर्चा कोण चालवणार (तुम्ही नाही, आणि पहिल्या दोघांपैकी शक्यतो धाकटा)
- मंडळाची वही कुणाकडे राहणार

“लवकरच भेटू”, “गटावर कळवतो” असं ठरलं तर काहीच ठरलेलं नाही. वहीत दर बैठकीचं अर्ध पान पुरे: तारीख, काय वाचलं, कोणता प्रश्न घेतला, तो कुठे अडला. कोण काय म्हणालं ते लिहू नका. ही वही पुढच्या वर्षीच्या मुलांचा वारसा आहे, त्यामुळे सुटे कागद नकोत, चांगल्या बांधणीची वही द्या.

८. दोन भेटींमधला काळ

दुसऱ्या बैठकीच्या दोन दिवस आधी चर्चा चालवणाऱ्याला फोन करा. “तयारी झाली का?” असं विचारलं की तो “हो” म्हणतो आणि बोलणं संपतं. “मजकुरातलं काय पटलं नाही?” असं विचारा. दहा मिनिटं बोललात की त्याची तयारी तिथेच होते. बैठकीनंतर पुन्हा एक फोन, संख्या न विचारता: “प्रश्न कुठे अडला?” तिसऱ्या बैठकीच्या आधी मात्र फोन करू नका. ती तुमच्याशिवाय झाली तर मंडळ आहे.

मजकूर पहिल्या दोन बैठकांपुरता तुम्ही द्या, नंतर निवड त्यांची. ते तुम्हाला न आवडणारं काही निवडतील, तेव्हा मनापासून आनंद माना.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट लागतोच, पण तो निरोपापुरता ठेवा. पीडीएफ टाकणं म्हणजे वाचणं आणि लेखाखाली अंगठा दाखवणं म्हणजे चर्चा, असं एकदा झालं की बैठक ओस पडते. गटावर वाद पेटला तर एकच उत्तर द्या: “गुरुवारी बोलू.”

दुसऱ्या भेटीला जाल तेव्हा मागे बसा. चर्चा ढिली वाटली तरी हातात घेऊ नका. बोलायचं ते नंतर, चालवणाऱ्याशी एकट्याने, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगून.

९. मंडळ वाढलं तर, अडलं तर

पंधराच्या वर माणसं नियमित यायला लागली की बोलणारे पाच आणि ऐकणारे दहा असं होतं. त्या वेळी दोन मंडळं करा. फ्रँकलिनच्या मंडळातही नवे सभासद घ्यायचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी संख्या न वाढवता प्रत्येकाने स्वतःचं नवं मंडळ काढावं असं सुचवलं. सगळ्यांना ते जमलं नाही, पाच-सहा मंडळंच पुरी झाली, पण मूळ गटाचा आकार टिकला.

उलटही होतं. चौथ्या-पाचव्या बैठकीला संख्या घसरते. ती जवळजवळ सगळीकडे घसरते, त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा. अशा वेळी दोन गोष्टी तपासा: मजकूर फार लांब किंवा फार अवघड झालाय का, आणि दर वेळी तेच दोघे बोलतात का. बाहेरचा मोठा वक्ता आणून संख्या भरून काढायचा मोह आवरा. एका दिवसापुरती खोली भरते आणि मुलांना ऐकायची सवय लागते.

आणखी एक अडचण जास्त गंभीर आहे. कधी कधी मंडळातल्या मोकळ्या चर्चेमुळे कॉलेजकडून किंवा घरच्यांकडून दबाव येतो. १८२८ मध्ये कोलकात्याच्या हिंदू कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेन्री डेरोझिओ या विशीही न गाठलेल्या शिक्षकाने ‘अकॅडेमिक असोसिएशन’ चालवली. रूढींवर इतकी धारदार चर्चा झाली की १८३१ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. त्याच वर्षी ते वारले. तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८३८ मध्ये सामान्य ज्ञान मिळवण्यासाठी नवी सभा उभी केली. तुम्ही मात्र लक्षात ठेवा की दबाव आल्यावर तुम्ही गाडीत बसून निघून जाऊ शकता, मुलांना तिथेच राहायचं असतं. कोणता विषय घ्यायचा, किती पुढे जायचं, हा निर्णय त्यांचा. तुमच्या धाडसाची किंमत त्यांना मोजायला लावू नका.

१०. कॉलेजं एकमेकांना जोडा

मंडळं फक्त तुमच्यामार्फत एकमेकांना ओळखत असतील, तर तुम्ही आजारी पडलात की सगळं थांबतं. दुसऱ्या फेरीपासूनच जोड्या लावा. एका कॉलेजात अडलेला प्रश्न लिहून दुसऱ्या कॉलेजात न्या, त्यांचं उत्तर परत आणा. पुढे दोन मंडळांनी एकच मजकूर वाचून एकमेकांकडे जावं. दोन-तीन जण पाहुणे म्हणून गेले तरी खूप होतं.

स्वीडनमध्ये ऑस्कर ऑल्सन यांनी १९०२ साली लुंड इथे अभ्यासवर्तुळ सुरू केलं. तज्ज्ञ शिक्षक नसताना सामान्य लोकांनी एकत्र वाचायचं, आणि वाचनासोबत ग्रंथालयही वाढवत न्यायचं, ही कल्पना पुढे देशभर रुजली. तिथून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पुस्तकांची फिरती पेटी. प्रत्येक मंडळाने वाचून झालेल्या मजकुराच्या प्रती आणि आपले प्रश्न पेटीत ठेवायचे, पेटी पुढच्या कॉलेजात जाते. समासातल्या नोंदी पुसू नका, पुढची मुलं आधी त्याच वाचतात.

मोठा मेळावा पहिल्या वर्षी नको. त्याच्या तयारीत सगळ्यांची सगळी ताकद जाते.

११. तुमची स्वतःची सोय

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, पैसे स्वतःचे असले तरी. विद्यार्थ्यांकडून पैसे घेऊ नका. परवानगीशिवाय वसतिगृहातल्या खोलीत मुक्काम करू नका, नियम मोडल्याचा ठपका त्या मुलावर येतो. सलग दोन दिवसांत दोन कॉलेजं घेऊ नका. दुसऱ्या ठिकाणी तुम्ही पहिल्याच ठिकाणची वाक्यं बोलायला लागता आणि मुलांना ते कळतं. प्रवासात दर कॉलेजचं एक पान लिहा: कोण भेटलं, कशाची उत्सुकता होती, कोणत्या शिक्षकांनी मदत केली. तीन महिन्यांनी परत गेल्यावर मुलीला नावाने हाक मारून “त्या निबंधाचं काय झालं?” विचारता आलं, की ती पुढच्या बैठकीला दोन जणींना घेऊन येते.

१२. वर्ष संपताना

शेवटच्या भेटीत सूत्रं धाकट्या वर्गाकडे उघडपणे सोपवून घ्या. वही, मजकुरांच्या प्रती, मदत करणाऱ्या प्राध्यापकांचं नाव आणि खोली मिळवण्याच्या अर्जाचा नमुना हे सगळं एका पाकिटात घालून त्या दोघा-तिघांकडे द्या, आणि वहीची एक छायाप्रत ग्रंथपालांकडे ठेवा. मंडळ मरगळलं असेल तर ओढूनताणून चालवू नका. उन्हाळ्यात बंद पडलेलं मंडळ नव्या प्रवेशांनंतर ग्रंथपालांकडच्या त्या छायाप्रतीवरून पुन्हा सुरू होऊ शकतं. नव्या सत्राची पहिली तारीख मात्र सुट्टी लागण्याआधीच वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या.